सोसायटीची निवडणूक ॲपवर घ्यावी का? एका प्रोग्रॅमरची अडचण

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे. पुनर्विकासाचं घोंगडं दहा वर्षं भिजत पडलंय. गेल्या रविवारच्या सभेत कमिटीने दोन गोष्टी मांडल्या. येत्या कमिटीची निवडणूक एका नव्या ॲपवर घ्यायची आणि पुढे विकासक निवडतानाही तेच ॲप वापरायचं. ॲप फुकट आहे. कंपनी सुरू होऊन आठ-नऊ महिने झालेत. जाहिरातीत लिहिलंय, 'बँकेइतकं सुरक्षित'.

मी उभा राहून विरोध केला. अठरा वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय, त्यातली सहा पैशांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरवर गेली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ज्याच्यावर तुझं पोट चालतं त्याच्यावरच तुझा विश्वास नाही?" बी विंगमधल्या एक ताई म्हणाल्या, ॲपवर उलट जास्त लोकशाही आहे, पुण्याला आणि न्यू जर्सीला राहणारे सभासदही मत देऊ शकतील. दोघांनाही मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी लोकशाहीबद्दल. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट सुरळीत चालताना काय करते याला फारशी किंमत नसते. बिघडली तर काय होईल, हे आधी विचारतात. मध्येच वीज गेली तर? एकच रक्कम दोनदा वळती झाली तर? त्या उत्तरांवर ती गोष्ट खरी काय आहे ते कळतं. 'बहुमताने चालणारं राज्य' ही लोकशाहीची व्याख्या मला म्हणूनच अपुरी वाटते. सगळं छान चाललेलं असतानाचं ते वर्णन आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात भाषण केलं होतं, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं या विषयावर. त्यात त्यांनी स्वतःची व्याख्या दिली. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्त न सांडता घडवून आणणारी राज्यपद्धती, असा तिचा आशय. माझी नजर 'रक्त न सांडता' यावर खिळते. बिघाड झाला तर काय, याचं उत्तर व्याख्येतच घातलंय. मार्च १९७७ मध्ये केंद्रातला सत्ताधारी पक्ष हरला, पंतप्रधान स्वतः रायबरेलीत हरल्या आणि खुर्ची सोडली. जिंकलेला निकाल मान्य करतोच. हरलेल्याने मान्य केला तरच रक्त सांडत नाही. आणि तो मान्य करतो, कारण आपण खरंच हरलो हे त्याला पटवून घेता येतं.

माझी कसोटी ही. हरलेल्या माणसाला, कुणाच्या शब्दावर न विसंबता, आपण हरलो हे तपासता येतं का?

आता 'बँकेइतकं सुरक्षित'. मी फोनवरून भाजीवाल्याला ८० रुपये पाठवले आणि ८०० गेले, तर माझ्या खात्यात दिसतं. त्याच्याकडे पोचले नाहीत तर तो हाक मारतो. व्यवहारावर दोघांची नावं आहेत, नोंद दोन बँकांत आहे, चूक उलटवता येते. मताचं तसं नाही. मत गुप्त म्हटलं की त्याच्यावरचं नाव पुसावं लागतं, आणि नाव पुसलं की पासबुकही गेलं. माझं मत 'अ'ला दिलं आणि मोजणीत 'ब'ला गेलं, तर ते मला दिसणार कुठे? बँकेचं सॉफ्टवेअर विश्वासाचं झालं ते चुका सापडतात म्हणून. तीच सोय मतदानात मुद्दाम काढून टाकलेली असते. काकांना मला हे सांगायचं होतं.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला याच मुद्द्यावर तिथली मतदान यंत्रं बाद ठरवली. यंत्रात लबाडी झाल्याचं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. मतदानाच्या आणि मोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय तपासता आल्या पाहिजेत, असं म्हटलं होतं. तज्ज्ञ म्हणून मला तो निकाल फार आवडतो. आमच्या सोसायटीत तज्ज्ञ मी एकटा. उद्या निकालावर वाद झाला आणि मी म्हणालो 'मी बघितलंय, बरोबर आहे', तर ६३ घरांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?

न्यू जर्सीच्या सभासदांचं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही. आणि एकूणच, नवी ऑनलाइन सेवा आली की तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्ही कसं ठरवता?

चाळकरी_गिरगाव

धागा पटला. पण गुप्त मताची किंमत आम्हा चाळीतल्या लोकांना जरा वेगळी ठाऊक आहे. आमच्याकडे सगळं हात वर करून व्हायचं. मालकाचा माणूस दाराशी खुर्ची टाकून बसायचा, नुसता बसायचा. शेवटच्या खोलीतल्या आजी ज्याच्याविरुद्ध तासभर बोलायच्या त्याच्याच बाजूने हात वर करायच्या, कारण त्यांच्या खोलीची पावती अडकलेली होती.

ॲपवर तरी वेगळं काय होणार? मत घरून द्यायचं म्हणजे आईचा फोन मुलाच्या हातात. आमच्या मजल्यावर निम्म्या बायकांचे ओटीपी नवरे नाहीतर मुलं बघतात. पडद्याआड एकटीने उभं राहायला मिळतं ते पाच वर्षांतून एकदा, शाळेच्या वर्गात. तेवढी जागा तरी ठेवा.

मापुस्तके

थोडा कायदा सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार एक सभासद, एक मत. वन आरके असो की थ्री बीएचके. आणि मत स्वतः द्यायचे आहे, प्रतिनिधीमार्फत म्हणजे प्रॉक्सीने देता येत नाही. करोनाकाळात ऑनलाइन सभांना मुभा मिळाली होती, पण त्या आधारावर आज तुमच्या कमिटीने स्वतःच ठरवून ॲपवर निवडणूक घेऊ नये. उपनिबंधक कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. तोंडी 'चालतंय हो' कुणी म्हणाले तर त्याचा उपयोग नाही. निवडणूक रद्द झाली तर पुनर्विकास आणखी रखडेल.

दुसरे म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. कमिटीची निवडणूक गुप्त मतपत्रिकेने होते. विकासक निवडीची सभा वेगळी असते, तिथे कलम ७९ अ च्या निर्देशांप्रमाणे उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो, चित्रीकरण होते, कोण कोणाच्या बाजूने आहे ते उघड असते. तुमचा 'पासबुक नाही' हा आक्षेप तिथे लागू पडत नाही.

अर्धविराम

मापुस्तके, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरोबर आहे. मत उघडच असेल तर नाववार यादी छापून बोर्डावर लावली की झालं. प्रत्येकाने आपलं नाव बघायचं, चुकलं असेल तर ओरडायचं. तिथे ॲप असो की वही, तपासणी तितकीच सोपी. माझा आक्षेप निवडणुकीपुरताच राहतो. चाळकरींची आजी आणि खुर्ची तिथे पुन्हा येते, हे मात्र खरं.

सुलभा_मास्तरीण

मी मनपा शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि निवडणुकीची ड्युटी किती वेळा केली ते मोजणं सोडून दिलंय. अर्धविराम, तुझ्या कसोटीवर माझा अनुभव सांगते.

मतदान सुरू व्हायच्या आधी, पहाटे, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. किमान ५० मतं टाकतात, कुणाची किती टाकली ते लिहून ठेवतात, यंत्राचा निकाल काढतात, यंत्राने प्रत्येक मतामागे छापलेल्या चिठ्ठ्या मोजतात आणि दोन्ही जुळवतात. मग सगळं पुसून यंत्र शून्यावर आणून दाखवायचं, चिठ्ठ्यांची पेटी रिकामी करून दाखवायची, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. दिवसभर मतदाराला काचेआड आपली चिठ्ठी सात सेकंद दिसते. संध्याकाळी १७ सी नमुन्यात एकूण मतं लिहून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. मोजणीच्या दिवशी तो कागद घेऊन तो बसतो.

त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे मला माहीत नाही, आणि तिथे बसलेल्या मुलांनाही नव्हतं. एकदा एका पक्षाचा अगदी कोवळा पोरगा प्रतिनिधी होता. त्याने प्रत्येक सीलचा नंबर वहीत उतरवून घेतला, दोनदा मला थांबवून पुन्हा वाचायला लावला. दुसरे हसत होते. मला तो फार आवडला. तुमच्या ॲपच्या निवडणुकीत त्या पोराने काय लिहून घ्यायचं?

अर्धविराम

सुलभाताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी रविवारच्या सभेत तसाच विचारणार आहे.

यंत्राच्या पोटाबद्दल: संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग या संगणकक्षेत्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या भाषणात, १९८४ मध्ये ते छापून आलं, दाखवून दिलं होतं की प्रोग्रॅमचा मूळ मजकूर ओळ न ओळ वाचूनही भागत नाही. तो मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरच खोटा असेल, तर वाचलेलं एक आणि चालणारं दुसरं. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ते कधीतरी वाचलेलं असतं आणि रोजच्या कामात बाजूला ठेवलेलं असतं. म्हणून चिठ्ठी लागते. सॉफ्टवेअरला पूर्णपणे बाजूला ठेवून निकाल पुन्हा काढता आला पाहिजे.

टी_शर्ट_आणि_छत्री

एस्टोनियाचं काय मग? तिथे २००५ पासून इंटरनेटवर मतदान चालू आहे. २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. त्यांचं रक्त सांडलं नाही. मला हे 'कागदच बरा' फार जुनाट वाटतं. दादरला उतरून फास्ट लोकल पकडणारी, बारा तास घराबाहेर असणारी माणसं सभेला येत नाहीत, म्हणून तेच चार निवृत्त लोक वर्षानुवर्षं कमिटीवर. ही कुठली लोकशाही?

अर्धविराम

छत्री, तुमचा दुसरा मुद्दा मला लागला. गेल्या सर्वसाधारण सभेला आमच्या ६४ पैकी १९ जण होते. कोरमअभावी सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच १९ जणांनी सगळं मंजूर केलं. न येणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही, मीही दोन सभा चुकवल्यात.

एस्टोनियाबद्दल मात्र पूर्ण सांगायला हवं. तिथे नागरिकाकडे चिप असलेलं सरकारी ओळखपत्र असतं, मतावर त्याची डिजिटल सही होते. मुदतीत कितीही वेळा मत बदलता येतं, शेवटचं धरतात. म्हणजे मुलाने आईच्या हातून मत देऊन घेतलं तरी ती नंतर गुपचूप बदलू शकते, केंद्रावर जाऊन कागदावरही देऊ शकते. चाळकरींच्या मुद्द्यावर त्यांनी शोधलेला हा उपाय आहे. आणि २०१७ मध्ये त्या ओळखपत्रांच्या चिपमध्येच दोष सापडला, सुमारे साडेसात लाख कार्डांमध्ये. सरकारने ते जाहीर केलं, कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली, नवी दिली. एवढं करूनही तिथे त्या पद्धतीवर टीका करणारे संगणकतज्ज्ञ आहेतच.

आठ महिन्यांच्या कंपनीकडे यातलं काही नाही. मी ईमेल करून विचारलं, 'मत नोंदल्यावर ते बरोबर मोजलं गेलं हे सभासदाने कसं तपासायचं?' उत्तर आलं की त्यांचा सर्व्हर अत्याधुनिक आहे.

केशरी_डबा

मी धाग्याच्या दुसऱ्या भागावर लिहिते, नव्या सेवांवर. चार वर्षांपूर्वी मी घरून डबे द्यायला लागले, अंधेरी ते गोरेगाव. ऑर्डर, पत्ते, कुणाला लसूण नको, कुणाचा मंगळवार, सगळं एका नव्या फुकट सेवेवर भरत गेले. इतकं सोयीचं होतं की वही बंद केली. एक दिवस मेल आली, तीस दिवसांत सेवा बंद. माहिती बाहेर काढायचं बटण होतं, दाबलं की चक्र फिरत राहायचं. मदतीच्या पत्त्यावर कुणी उत्तर देईना. मी आणि माझी जाऊ, दोघींनी चार रात्री बसून स्क्रीनवरून हाताने वहीत उतरवलं. तरी सत्तरेक ग्राहक गेले.

मोठी कंपनी असती तर असं झालं नसतं, असं माझा भाऊ म्हणतो.

अर्धविराम

केशरी_डबा, वाचून वाईट वाटलं. भावाचं म्हणणं पुरतं खरं नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल रीडर त्याच्या आदल्या वर्षी, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, आपल्याकडचं कू जुलै २०२४ मध्ये. यातल्या तीन सेवा जगातल्या बलाढ्य कंपन्यांच्या होत्या.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. नवी सेवा घेतली की पहिल्याच आठवड्यात, त्यात फार काही भरण्याआधी, बाहेर पडून बघतो. माहिती बाहेर काढण्याचं बटण दाबतो, निघालेली फाईल दुसरीकडे उघडते का बघतो, खातं पुसून परत नवं काढतो. लोक उलट करतात, वर्षभर संसार थाटतात आणि निघायच्या दिवशी दार शोधतात. मग पैशाचा प्रश्न. पगार कुठून देतात? मी महिना ५० रुपये देत असेन तर मला कळतं ते कशावर चालतात. फुकट असेल आणि उत्तर सापडत नसेल तर मी जपून राहतो. आणि चूक झाल्यावर वागले कसे, हे शोधून वाचतो. तासभर सेवा बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी कारणासकट लिहिलं, असे लोक मला कधीच बंद न पडल्याचा दावा करणाऱ्यांपेक्षा जवळचे वाटतात.

लोकशाहीशी याचं नातं मला इथेच दिसतं. माणूस चांगला आहे का हे मला आधी ओळखता येत नाही. तो वाईट निघाला तर मला काय करता येईल, हे मात्र आधी बघता येतं.

मावळतीचा_वारा

मला कागदाचं एवढं कौतुक पटत नाही. आमच्या सोसायटीत प्रोसिडिंग बुक सभेनंतर तीन आठवड्यांनी लिहिलं जायचं, न झालेले ठराव त्यात असायचे. सगळं कागदावर, सहीशिक्क्यासकट.

आणि ओळखीवरचा विश्वासही सांगतो. बाबांचे निवृत्तीचे पैसे कोपऱ्यावरच्या सहकारी बँकेत होते. मॅनेजर रोज सकाळी बागेत भेटायचा. एका संध्याकाळी निर्बंध आले आणि शटरसमोर रांग लागली. तेव्हा ठेवीवर विमा होता एक लाखाचा. पाच लाखांचा झाला फेब्रुवारी २०२० मध्ये, आमच्यासाठी उशिरा. त्या मॅनेजरलाही आतलं काही माहीत नव्हतं, असं मी आजही मानतो. बाबा मात्र त्यानंतर बागेत गेले नाहीत.

अर्धविराम

मावळतीचा_वारा, तुमच्या बाबांबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ.

तुम्ही म्हणता ते मान्य. कागद म्हणून कागद पवित्र नाही. तुमचं प्रोसिडिंग बुक एका कपाटात होतं आणि किल्ली एकाकडे होती. मतपेटी सगळ्यांसमोर टेबलावर असते, फरक तेवढाच.

मार्च २०२४ मधली एक गोष्ट सांगतो. एक्सझेड नावाचं छोटं, फुकट, खुलं (म्हणजे मूळ मजकूर कुणालाही वाचता येईल असं) सॉफ्टवेअर आहे, माहिती दाबून लहान करणारं. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या जगभरच्या यंत्रांत असतं. एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं त्यात इमानेइतबारे काम केलं, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसरंच काहीतरी मोजताना जाणवलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे लागला आणि सापडलं. विश्वासाने घात केला, हे खरंच. पण शंका आलेल्या परक्या माणसाला आत जाऊन बघता आलं, कुणाची परवानगी लागली नाही. मतपेटीकडून मला एवढंच हवंय, सॉफ्टवेअरकडूनही.

टी_शर्ट_आणि_छत्री

मग असं करा. प्रत्येक सभासदाने भांड्यातून एक बंद चिठ्ठी काढायची, तिच्यात एक आकडा. मत देताना तो आकडा टाकायचा. शेवटी आकडा आणि मत अशी यादी बोर्डावर. माझा आकडा कुणाला माहीत नाही, माझं मत मला तपासता येतं. गुप्तही, पारदर्शकही.

अर्धविराम

सुरेख आहे! डेबियन या सॉफ्टवेअर प्रकल्पात जवळपास हेच करतात. जगभरचे स्वयंसेवक दरवर्षी आपला प्रमुख निवडतात, निकालाबरोबर सांकेतिक आकड्यांची यादी लावतात, ज्याने त्याने आपली ओळ शोधायची.

आमच्याकडे एक अडचण आहे. जे मला तपासता येतं ते मला दुसऱ्याला दाखवताही येतं. विकासकाचा माणूस म्हणेल, 'तुझा आकडा दाखव, चटईक्षेत्र बघू थोडं वाढवून.' डेबियनच्या मतामागे कुणी असं लागत नाही. मुंबईत फ्लॅटमागे कोट्यवधींचा सवाल असतो. मतपत्रिका पेटीत पडली की मलाही ती परत दाखवता येत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

चाळकरी_गिरगाव

हे बरोबर बोललात. पावती मिळाली की सौदा झालाच.

केशरी_डबा

एक विचारायचं राहिलं. या ॲपमध्ये गेटवरची नोंदही आहे का? आमच्या इमारतीत आहे. कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, फोन नंबर, येण्याजाण्याची वेळ, आणि रहिवासी त्यांना तारे देतात. ॲप घ्यायचं का यावर मत सभासदांनी दिलं, मावशींना कुणी विचारलं नाही. भाडेकरूंनाही नाही.

अर्धविराम

आहे. तोच मुख्य भाग आहे आणि मतदान त्याला जोडलेलं आहे. फुकट का, याचं उत्तर बहुधा तिथेच असावं, पण मला खात्री नाही. कमिटीला लेखी विचारतो, माहिती कुठे साठवतात, किती दिवस ठेवतात, मावशींना स्वतःची माहिती पुसून मागता येते का. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. मी एवढे दिवस फक्त मतपेटीकडे बघत होतो. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

अर्धविराम (दोन आठवड्यांनंतर)

सभा झाली. गच्चीवर, सकाळी दहाला, ४७ जण. एवढे पहिल्यांदाच आले.

सुलभाताईंचा प्रश्न विचारला. तिसऱ्या मजल्यावरचे काका बराच वेळ गप्प होते, मग त्यांनीच सूचना मांडली की कमिटीची निवडणूक कागदावर व्हावी. ती एकमताने मंजूर झाली. मतदान रविवारी सकाळी सात ते रात्री नऊ चालेल, म्हणजे लोकल पकडणाऱ्यांनाही जमेल (छत्री, हे तुमच्यामुळे). पेटी म्हणून काकांच्या घरचा कुलपाचा स्टीलचा डबा. न्यू जर्सीच्या सभासदांना मत देता येणार नाही. त्यांची बहीण सभेत रडली. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

गेटवरच्या नोंदीचं ॲप घेऊ नये, हा ठराव मी मांडला. हात वर करून मतदान झालं. बाजूने १८, विरोधात २९. माझा ठराव पडला. मावशींचे फोटो एक तारखेपासून घेणार आहेत.

नाववार यादी खाली बोर्डावर लावली आहे. मी दोनदा मोजली. २९ च आहेत.